शून्य लिहिण्याची मुभा

२००५ सालच्या मार्च महिन्यात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पाची पाहणी केली आणि तेथे एकही वाघ उरलेला नाही, असा निर्वाळा दिला. वाघांची शिकार आपल्या देशाला नवी नाही. एखाद्या रानातून वाघ नाहीसा होणे हेही नवे नाही. परंतु सरिस्का हे मोकळे रान नव्हते. ते व्याघ्र प्रकल्प म्हणून राखलेले होते. तेथे चौक्या होत्या, पहारेकरी होते, केंद्राचा निधी होता आणि नियमाने होणारी प्रगणनाही होती. १९९८ ते २००३ या काळात त्या प्रगणनेचा अधिकृत आकडा २४ ते २७ या मर्यादेत हलत राहिला. २००४ साली तो १६ ते १८ असा सांगितला गेला. पुढच्या काही महिन्यांत तो शून्य झाला.

शिकारी टोळ्यांचा माग काढणे हे पोलिसी तपासाचे काम होते आणि ते केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले गेले. परंतु या प्रकरणातला दुसरा प्रश्न पोलिसांच्या कक्षेत येणारा नव्हता. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. त्याचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. त्यातून उघड झाले ते असे की, जंगलात पायी फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष आढळणारे वाघ अधिकृत आकड्याच्या जवळपासही नव्हते. खालच्या वहीतला आकडा वर्षागणिक घसरत जवळजवळ शून्यावर आला होता आणि वरच्या कचेरीतला आकडा जागच्या जागी उभा होता. म्हणजे माहिती नव्हती असे नव्हे. माहिती होती, तिला वर जाण्याची वाट नव्हती आणि बाहेर येण्याची तर नव्हतीच.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. वाघाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा हेतू नाही. परंतु आकडा कोठे जन्मतो, कोणाच्या हातून जातो आणि वाटेत त्याचे काय होते, हा अर्थशास्त्राचा नित्याचा विषय आहे. राखीव जंगलातील प्रगणनेकडे त्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोजणारा, तपासणारा आणि मोजणीच्या फलावर ज्याचे बरेवाईट ठरते तो, ही तीन माणसे जोवर एकच आहेत, तोवर पद्धत कितीही सुधारली तरी आकड्यावर विसंबता येणार नाही.

नजर आणेवारी आणि पाउलखुणा

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आणेवारी, किंवा दशमान पद्धतीनंतरची पैसेवारी, आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. पीक किती आले, हे दीर्घकाळ नजरेने ठरवले जाई. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की शेतसाऱ्याची सूट आणि टंचाईच्या सवलती देणे आले. साहजिकच शेतकऱ्याच्या नजरेला पीक कमी दिसे आणि सरकारी नजरेला तेच पीक जास्त दिसे. दोघांपैकी कोणीही अप्रामाणिक असण्याची आवश्यकता नव्हती. ज्या आकड्यावर पैसा अवलंबून असतो, तो आकडा पाहणाऱ्याच्या नजरेलाच वळण लावतो. बँक ऑफ इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी हाच विचार मांडला आणि तो त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखला जाऊ लागला. एखादे मोजमाप साध्य म्हणून लोकांच्या डोक्यावर बसवले की त्याचा मोजमाप म्हणून असलेला उपयोग संपतो, असा त्याचा आशय आहे.

१ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातील नऊ राखीव क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. त्यांत आपले मेळघाट होते. त्याआधी १९७२ साली झालेल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले होते. ही गणना पाउलखुणांवरून झाली. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ती पद्धत रूढ केली होती. वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा शोधायचा, त्यावर काच ठेवून रेषेने तो उतरवून घ्यायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा आणि जमा झालेले ठसे एकमेकांशी ताडून वेगवेगळे वाघ किती ते ठरवायचे, असा तिचा क्रम होता. साधनांच्या त्या तुटवड्याच्या दिवसांत ही युक्ती निश्चितच कल्पक होती. हजारो वनरक्षकांना तिने जमिनीकडे पाहायला शिकवले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु एकाच वाघाचा पाय मऊ धुळीत एक ठसा उमटवतो, चिखलात दुसरा आणि वाळूत तिसराच. रेषा ओढणारा हात बदलला की ठशाचा आकार बदलतो. याहून मोठा दोष तार्किक होता. सर्वच्या सर्व वाघ मोजले गेले, असे ही पद्धत गृहीत धरीत होती. किती वाघ नजरेतून सुटले, हे सांगण्याची तिच्यात सोयच नव्हती. डॉ. उल्हास कारंथ यांनी १९८७ सालीच या पद्धतीची शास्त्रीय चिकित्सा करून तिच्या मर्यादा दाखवून दिल्या होत्या. तरीही पुढची सुमारे दोन दशके ती चालू राहिली आणि २००१-०२ मध्ये देशातील वाघांची संख्या ३,६४२ वर गेल्याचे कागदावर नोंदले गेले.

ती इतकी वर्षे का टिकली? तिचे उत्तर तपासता येत नव्हते, हेही त्याचे एक कारण मानले पाहिजे. ज्या अधिकाऱ्याच्या कार्यकाळात वाघ वाढतात तो कर्तबगार ठरतो आणि ज्याच्या कार्यकाळात घटतात त्याला खुलासा विचारला जातो. अशा व्यवस्थेत ठशांची ताडणी करणारा हात संशयाचा फायदा नेहमीच वाघाच्या पारड्यात टाकतो. एक ठसा दोन वाघांचा ठरण्याला कोणाचा विरोध नसतो; दोन ठसे एकाच वाघाचे ठरले तर मात्र वर्षभराच्या कामावर पाणी पडते.

न दिसलेल्यांची गणती

पिकाच्या बाबतीत आपण या अडचणीतून मार्ग काढला, आणि तो काढण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. १९४०च्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. कोणते शेत निवडायचे हे तलाठ्याच्या मर्जीवर न सोपवता यदृच्छेने ठरवायचे, त्यातील ठरावीक तुकड्याची कापणी करून धान्य प्रत्यक्ष वजन करायचे आणि त्यावरून तालुक्याचा व जिल्ह्याचा अंदाज बांधायचा, हे तिचे सार. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील पाहण्यांत आणखी एक पाऊल टाकले. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, दोन वेगळ्या तुकड्यांनी ते तपासायचे आणि एका तुकडीला दुसरीचे उत्तर कळू द्यायचे नाही. दोन्ही उत्तरे जुळली तर भरवसा वाढतो. फारकत दिसली तर चूक कोठे आहे ते शोधता येते. माणसाच्या चांगुलपणावर अविश्वास दाखवण्यासाठी ही योजना नव्हती. माणसाच्या चांगुलपणावर भार पडू नये, म्हणून ती होती.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत हीच दृष्टी चिन्हांकित करून पुन्हा पकडण्याच्या पद्धतीतून आली. त्याआधी मासे मोजण्यासाठी ती वापरली गेली होती. वाघाला खूण करण्याची गरज नसते. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टेही भिन्न असतात. म्हणून जंगलातील वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. प्राणी पुढून गेला की छायाचित्र आपोआप निघते.

समजा, पहिल्या फेरीत ३० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत २४ टिपले गेले आणि त्यांपैकी १८ पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या वाघांपैकी तीन-चतुर्थांश आपल्या ओळखीचे होते. याचा अर्थ, पहिल्या फेरीतील ३० वाघ हे एकूण वाघांच्या सुमारे तीन-चतुर्थांश असले पाहिजेत. म्हणून एकूण संख्या ४० च्या आसपास. प्रत्यक्षात आपण ३६ वाघ पाहिले आणि चार न दिसलेल्यांचा अंदाज केला. प्रत्यक्ष क्षेत्रातील गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असते, कारण काही वाघ कॅमेऱ्यासमोर वारंवार येतात, काही क्वचितच येतात आणि काहींचा मुलूख पाहणीच्या सीमेबाहेर पसरलेला असतो. परंतु गाभा एवढाच आहे, आणि बरणीभर हरभऱ्यांत काही रंगवलेले दाणे मिसळून शाळेच्या वर्गातही तो करून दाखवता येतो. ही पद्धत आपले अज्ञान लपवीत नाही. त्याची किंमत आकड्यात मांडते. डॉ. कारंथ यांनी नागरहोळे येथे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने तिचा अवलंब केला आणि १९९५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशव्यापी पातळीवर ती स्वीकारली जाण्यास मात्र सरिस्काचा अनर्थ घडावा लागला.

आकडे वाढले, पण कोणते?

२००६ च्या कायदेदुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षापासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने अंदाज काढले जाऊ लागले. ते असे : २००६ मध्ये १,४११, २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७. महाराष्ट्राचा आकडा याच क्रमाने १०३, १६९, १९० आणि ३१२ असा चढत गेला व २०२२ मध्ये तो ४४४ झाला. २०१८ च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसवले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे निघाली. त्यांपैकी वाघांची होती ती ७६,६५१. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम अन्यत्र झालेले नव्हते, आणि त्याचे श्रेय उन्हातान्हात डोंगर तुडवणाऱ्या वनरक्षकांना आणि वनमजुरांना आहे.

परंतु हे आकडे वाचणाऱ्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. ३,६४२ वरून १,४११ वर येणे म्हणजे मधल्या चार वर्षांत निम्म्याहून अधिक वाघ मेले, असा अर्थ काढणे चूक आहे. तेथे मोजपट्टीच बदलली होती. त्याचप्रमाणे १,४११ चे २,९६७ झाले म्हणजे बारा वर्षांत वाघ दुपटीहून अधिक झाले, हे विधानही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. २००६ मध्ये सुंदरबनचा अंदाज काढला गेलेला नव्हता. पुढील फेऱ्यांत पाहणीचा प्रदेश विस्तारला. आधीच्या फेऱ्यांत दीड वर्षाहून मोठे वाघ मोजले जात, तर २०१८ मध्ये ही मर्यादा एक वर्षावर आणली गेली. वाघ वाढले यात शंका घेण्याचे कारण नाही. किती वाढले, हे मात्र या सर्व वजावटी करूनच सांगितले पाहिजे.

२०२२ च्या फेरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथील समारंभात ३,१६७ हा आकडा जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैअखेर आलेल्या अहवालात सरासरी अंदाज ३,६८२ असा दिला गेला. साडेतीन महिन्यांत पाचशे वाघ कोठून आले, असे अनेकांनी थट्टेने विचारले. उत्तर सरळ होते : ३,१६७ ही अंदाजाची खालची मर्यादा होती, ३,९२५ ही वरची आणि ३,६८२ हा मधला अंदाज. मर्यादांसह आकडा सांगण्याची सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला नाही. सरकारला एकच संख्या हवी असते, वृत्तपत्राला ती मथळ्यात मावणारी हवी असते आणि वाचकाला ती मागल्या खेपेपेक्षा मोठी हवी असते. शास्त्र मात्र कक्षेत बोलते.

बुद्धपौर्णिमेची रात्र

महाराष्ट्रात प्रगणना म्हटली की सामान्य माणसाच्या मनात बुद्धपौर्णिमा येते. वैशाखातील त्या रात्री रानातले ओढेनाले आटलेले असतात, चांदणे लख्ख असते आणि पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून येणाऱ्या जनावरांची नोंद करता येते. मेळघाटात, ताडोबात, भीमाशंकरला किंवा राधानगरीला मचाणावर बसण्यासाठी गावोगावचे शिक्षक, विद्यार्थी आणि नोकरदार उत्साहाने जातात. अलीकडे या उपक्रमाला निसर्गानुभव म्हटले जाते, हे योग्यच झाले. कारण एकच अस्वल रात्रीतून दोनदा पाण्यावर आले तर त्याची दोन अस्वले होतात. दोन दिवस आधी वळवाचा पाऊस पडला तर प्राणी पाणवठ्याकडे फिरकतही नाहीत आणि वहीत जंगल ओस पडते. त्या रात्रीच्या बेरजेला जंगलातील प्राण्यांची संख्या म्हणणे शास्त्राला धरून नाही.

म्हणून ती नोंद निरुपयोगी आहे, असेही नाही. तोच पाणवठा, तीच तिथी, तीच बैठक आणि तेच नोंदपत्रक असेल, तर वीस वर्षांच्या नोंदींतून एखाद्या प्राण्याचे येणे कमी झाले की वाढले, याची चाहूल लागू शकते. अट एकच : ती पत्रके जपली गेली पाहिजेत आणि कोणालाही पाहता आली पाहिजेत. त्या रात्री शेकडो माणसे जागतात. सकाळी पत्रके गोळा होतात. बेरजेची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. त्यानंतर मूळ पत्रके कपाटात गेली तर त्या शेकडो रात्रींच्या जागरणाचे भांडवल बुडीत खात्यात जमा झाले असेच म्हणावे लागेल.

वाटल्याने न घटणारी संपत्ती

अर्थशास्त्रात काही वस्तूंचे वैशिष्ट्य असे सांगतात की, एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला त्या कमी येत नाहीत. माहिती ही अशी वस्तू आहे. ती गोळा करण्याचा खर्च मोठा असतो. एकदा गोळा झाल्यावर दहाव्या किंवा दहा हजाराव्या वाचकाला ती देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. सार्वजनिक पैशाने गोळा केलेली माहिती दडवून ठेवणे म्हणजे धरण बांधून कालवे न काढणे होय.

कालवे काढल्यावर काय होते, याचे उत्तम उदाहरण पक्ष्यांचे आहे. देशभरातील हौशी पक्षिनिरीक्षक आपल्या नोंदी ई-बर्ड या संगणकीय नोंदवहीत घालतात आणि त्या अभ्यासकांना खुल्या असतात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा होता आणि त्यात ९४२ जातींचा परामर्श घेतलेला होता. त्याआधीच्या २०२० च्या अहवालाने चिमणीविषयीची एक रूढ समजूत तपासली. मोठ्या शहरांत चिमण्या कमी झाल्या असल्या, तरी देशभराचा विचार करता त्यांची संख्या साधारणपणे स्थिर आहे, असे नोंदींवरून दिसले. कोणत्याही एका कचेरीला हे काम आपल्या बळावर झेपले नसते. त्यात शाळामास्तर होते, बँकेतले कारकून होते, महाविद्यालयीन मुले होती. हौशी नोंदींत चुका असतातच, परंतु त्या सर्वांसमोर असल्यामुळे दुरुस्त होत राहतात.

वाघांच्या बाबतीतही खुलेपणाने हेच काम केले आहे. २०१४ च्या अहवालासोबत वाघांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. २०१९ साली एका इंग्रजी दैनिकाने ती एकमेकांशी ताडून पाहिली आणि काही ठिकाणी एकच वाघ दोनदा मोजला गेल्याचे दाखवून दिले. अशा वेळी कोणत्याही कार्यालयाला मोह होतो तो पुढच्या खेपेला छायाचित्रे न छापण्याचा. वस्तुत: निष्कर्ष उलटा निघतो. छायाचित्रे छापली होती म्हणून चूक सापडली. ठशांच्या काळात ती कधीच सापडली नसती. ज्या हिशेबात चूक सापडू शकते तो हिशेब ज्यात सापडू शकत नाही त्याहून चांगला असतो, हे वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

या माहितीवर सर्वांत मोठा हक्क कोणाचा, हेही विचारले पाहिजे. जंगलाच्या आत आणि कडेला राहणाऱ्यांचा तो आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या सीमेबाहेर, ब्रह्मपुरीच्या परिसरात, शेतीला लागून वाघ वावरतात. मोहफुले वेचायला किंवा धानाच्या शेतावर जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने कोणत्या बाजूला वाघीण पिलांसह आहे, ही जिवाशी संबंधित माहिती आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातून गाव उठवताना प्रत्येक कुटुंबाला २००८ पासून १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये देण्याची तरतूद झाली. २००६ च्या दुरुस्तीने अशा पुनर्वसनासाठी ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती आवश्यक ठरवली आहे. यातील ‘माहितीपूर्वक’ हा शब्द वजनदार आहे. ज्या वाघांसाठी कोरकू किंवा गोंड कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन सोडायची, ते वाघ किती आहेत, कोठे आहेत, गावाच्या वावराने त्यांच्यावर काय परिणाम होतो, याच्या नोंदी त्या कुटुंबाला त्याच्या भाषेत पाहायला मिळाल्या नाहीत, तर त्याची संमती माहितीपूर्वक कशी म्हणायची? एका बाजूने वाघांचा आकडा आणि दुसऱ्या बाजूने माणसाचे घर असेल, तेव्हा तो आकडा तपासून घेण्याचा अधिकार घर सोडणाऱ्याला असलाच पाहिजे.

गुप्तता कोठे हवी

सर्व माहिती खुली केली तर शिकाऱ्यांचे काम सोपे होईल, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे बेजबाबदारपणाचे होईल. २०१३ साली पन्नातील एका वाघाच्या गळपट्ट्याची ठावठिकाण्याची माहिती ज्या ई-मेल खात्यावर येत असे, ते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. वाघ आज या घडीला कोणत्या नाल्यात बसला आहे, गुहा कोठे आहे, कॅमेरा कोणत्या झाडाला बांधला आहे, हे जाहीर करण्यात कोणाचेही हित नाही.

परंतु या आक्षेपाच्या आड सर्वच माहिती झाकून ठेवता येणार नाही. ठिकाण लपवता येते आणि संख्या दाखवता येते. नेमक्या स्थानाऐवजी दहा किलोमीटर बाजूच्या चौकोनाचा उल्लेख करता येतो. ताज्या नोंदींऐवजी दोन वर्षांपूर्वीच्या देता येतात. संशोधकाला लेखी हमीवर मूळ नोंदी आणि सर्वसामान्य वाचकाला सारांश, अशी प्रतवारी करता येते. ज्या गावाजवळ वाघ आहे त्या गावाला ताबडतोब आणि बाकीच्या जगाला उशिरा कळवता येते. लपवायचे ते शिकाऱ्यापासून. सरिस्कात काय झाले? शिकाऱ्यांना वाघ कोठे आहेत हे ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते देशाला. गुप्ततेने तेथे वाघाचे नव्हे, तर आकड्याचे रक्षण केले.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांतले काही अर्धेमुर्धे अमलातही आले आहेत. वनरक्षकाच्या हातात आता भ्रमणध्वनीवरील प्रणाली आहे. तो कोणत्या वाटेने किती चालला, कोठे काय आढळले, याची नोंद जागच्या जागी होते. ही नोंद मधल्या पायऱ्यांवर बदलता येणार नाही अशी तजवीज हवी. दुसरे, प्रत्येक फेरीत काही क्षेत्रांची फेरमोजणी बाहेरच्या संस्थेने, विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी, स्वतंत्रपणे करावी आणि दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी छापावीत. महालनोबिस यांचा धडा तोच आहे. तिसरे, मूळ नोंदी, वर सांगितलेली पथ्ये पाळून, ठरावीक मुदतीत खुल्या कराव्यात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांनी न मागता माहिती प्रसिद्ध करावी, असे चौथ्या कलमात सांगितलेच आहे. त्यासाठी एखाद्याला अर्जांचे खेटे घालावे लागू नयेत. चौथे, प्रत्येक अभयारण्याच्या नोंदींचा सारांश मराठीत, लगतच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावा. जैवविविधता कायद्याने गावोगावी करायच्या लोक जैवविविधता नोंदवहीला या माहितीची जोड मिळाली तर ती वही नुसता उपचार राहणार नाही.

पाचवा उपाय कायद्याने होणारा नाही, आणि बाकीचे चार त्यावाचून पांगळे आहेत. आपल्या नियतक्षेत्रात या वर्षी वाघ आढळला नाही, असे लिहिणाऱ्या वनरक्षकाला आपण कसे वागवतो? त्याला कारणे दाखवा नोटीस येत असेल, तर पुढच्या वर्षी त्याला वाघ आढळेल. त्याच्या नोंदीची दखल घेऊन तिसऱ्या दिवशी तपासणीचे पथक तेथे पोचत असेल, तर तो खरे लिहील. सरिस्काच्या खालच्या वहीत खरे लिहिलेले होते. ते वाचून एखाद्याने वेळीच धाव घेतली असती, तर जून २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून तेथे सोडण्याची वेळ कदाचित आली नसती. २००९ मध्ये मध्य प्रदेशातील पन्नातही वाघ संपल्याचे उघड झाले, तेव्हा सरिस्काला चार वर्षे होऊन गेली होती.

शाळेचा पट असो, रोजगार हमीचे हजेरीपत्रक असो की वाघांची प्रगणना असो, फुगवलेल्या आकड्याचा तोटा शेवटी त्यालाच सोसावा लागतो, ज्याच्या नावाने तो फुगवलेला असतो. वाघाला आपला आकडा वाचता येत नाही. त्याच्या वतीने तो वाचण्याचे, विचारण्याचे आणि पडताळून पाहण्याचे काम नागरिकांनीच करायचे आहे. ज्या वहीत शून्य लिहिण्याची मुभा नाही, त्या वहीतल्या सत्तावीसवर विश्वास ठेवण्याचे कारणही नाही.